झाडाची संप्रेरकं आणि बाटलीतली संजीवकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की फोन सुरू होतात. जीए (जिबरेलिक आम्ल) किती घेऊ, सिक्स-बीए (सायटोकायनिनच्या घराण्यातलं औषध) चालेल का, घड जिरायला लागलेत, काय मारू. बहुतेक प्रश्नांच्या शेवटी हे "मारू" असतंच. उत्तरं देता देता मला एक गोष्ट जाणवत गेली. बाटली आपल्या चांगली ओळखीची आहे, पण ती ज्याची नक्कल आहे ते झाड स्वतः कसं तयार करतं, कसं वाहतं आणि कसं थांबवतं, हे आपल्याला फारसं कोणी सांगितलेलं नाही. ते कळलं की मात्रेचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. म्हणून हे पान.

संप्रेरक आणि संजीवक यात फरक काय?

झाड स्वतःच्या अंगात जे तयार करतं ते संप्रेरक. आपण दुकानातून आणून फवारतो, बुडवतो किंवा मुळाशी ओततो ते संजीवक. काही संजीवकं हुबेहूब झाडातल्या रेणूसारखी असतात. जीए हा तसाच आहे. काही फक्त त्या रेणूचं सोंग घेतात, जसं कपाशीला देतो ते एनएए किंवा 2,4-डी हे तणनाशक. आणि काही तर झाडाचं संप्रेरक बनवण्याचं काम अडवतात: आंब्याला देतो ते पॅक्लोब्युट्राझोल, द्राक्षाला देत होतो ते क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं लिहोसिन. तिन्ही प्रकार दुकानात एकाच फळीवर असतात आणि तिन्हींना आपण "टॉनिक"च म्हणतो. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

खत म्हणजे झाडाचं अन्न. संप्रेरक म्हणजे झाडाच्या एका भागाने दुसऱ्या भागाला धाडलेला निरोप. निरोप दुप्पट मोठ्याने सांगितला म्हणून काम दुप्पट होत नाही.

झाडाला ग्रंथी नसतात. मग संप्रेरकं तयार होतात कुठे?

ज्या पेशींना त्या वेळी गरज पडते, तिथे. त्यातही प्रत्येकाची आवडती ठिकाणं आहेत.

ऑक्झिन मुख्यतः कोवळ्या शेंड्यात, कोवळ्या पानांत आणि वाढत्या बियांत बनतं. कच्चा माल ट्रिप्टोफॅन, म्हणजे प्रथिनांमधलंच एक अमिनो आम्ल. दोन पायऱ्यांत त्याचं इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल होतं. सायटोकायनिनचा मोठा कारखाना मुळांच्या टोकाशी असतो आणि तिथून ते पाण्याबरोबर वर चढतं. द्राक्षवाला बागेत शिरल्यावर आधी बोदाची, म्हणजे वेलीखालच्या वरंब्याची, माती उकरून "पांढरी मुळी चालू आहे का" हे बघतो, त्याला शास्त्रीय आधार हाच. जमिनीत नायट्रेट हाताला लागलं की मुळं सायटोकायनिन वाढवतात आणि वर निरोप जातो: इथे अन्न आहे, फुटा.

जिबरेलिन बनवणं लांबचं काम आहे. ते पेशीच्या तीन वेगवेगळ्या भागांत, टप्प्याटप्प्याने होतं. ज्या कच्च्या मालापासून ते बनतं, त्याच मालापासून गाजराला केशरी करणारी कॅरोटिनॉइडंही बनतात. आणि कॅरोटिनॉइडं तोडून झाड अ‍ॅब्सिसिक आम्ल बनवतं. वाढ करवणारं जिबरेलिन आणि वाढ रोखणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल, दोघांचं गोत्र एकच निघतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा फार नवल वाटलं होतं.

इथिलीन तर वायूच. मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून झाडाची जवळपास कुठलीही पेशी ते बनवू शकते. फळ पिकताना, फांदीला इजा झाल्यावर, मुळं पाण्यात बुडाल्यावर ते जास्त बनतं.

ही पाच मोठी घराणी. शिवाय ब्रासिनोस्टेरॉइड आहेत. त्यातलं पहिलं, ब्रासिनोलाइड, 1979 मध्ये मोहरीवर्गीय पिकाच्या परागकणांतून ओळखलं गेलं आणि काही मिलिग्रॅम मिळवायला सव्वादोनशे किलोंच्या आसपास पराग खर्ची पडले. किडीरोगाशी लढताना कामाला येणारी जॅस्मोनिक आणि सॅलिसिलिक आम्लं आहेत, आणि स्ट्रिगोलॅक्टोन आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

झाडात हे असतं तरी किती?

एक ग्रॅम ताज्या पानात ऑक्झिन साधारण काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पंपात टोपणाने अंदाजे ओतताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा, एवढीच माझी विनंती आहे.

मग झाड यांच्यावर ताबा कसा ठेवतं?

शेताला पाणी देण्याचं उदाहरण घ्या. पाणी किती उपसायचं, कुठल्या पाटाने न्यायचं, जास्तीचं कुठे साठवायचं, आणि शेवटी वाफ्याचं दार उघडायचं की नाही. झाडही हेच चार निर्णय घेतं, आणि चारही एकाच वेळी चालू असतात.

पहिला उपशाचा. पेशीत जिबरेलिन पुरेसं झालं की ते बनवणाऱ्या शेवटच्या पायऱ्यांची जनुकं मंदावतात आणि ते मोडणारी जनुकं जागी होतात. कमी पडलं की उलट. म्हणजे निरोपच स्वतःच्या उत्पादनावर लगाम ठेवतो. बाहेरून जीए दिला की झाड स्वतःचा जीए कमी करायला लागतं, ते याचमुळे.

दुसरा पाटाचा. ऑक्झिन शेंड्याकडून बुडाकडे पेशीपेशीतून जातं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. प्रत्येक पेशीच्या खालच्या बाजूला ते बाहेर सोडणारी प्रथिनं बसलेली असतात. पिन हे त्यांचं नाव. ती दारं पेशी हलवू शकते. रोप आडवं पडलं की मुळात ही दारं खालच्या अंगाला सरकतात, ऑक्झिन त्या बाजूला साचतं आणि मूळ पुन्हा जमिनीकडे वळतं. मका वाऱ्याने लोळल्यावर चार दिवसांनी शेंडा उभा झालेला आपण बघतो. त्या उठण्यामागेही ऑक्झिनची अशीच असमान वाटणी आहे.

तिसरा साठवणीचा. जास्तीचं ऑक्झिन झाड अमिनो आम्लाला किंवा साखरेला बांधून ठेवतं. बांधलेलं असताना ते मुकं असतं. काही बांधण्या पुन्हा सुटतात, काही थेट मोडीत निघतात. मक्याच्या दाण्यात असा बांधलेला साठा असतो आणि उगवताना तो सोडवला जातो.

चौथा दाराचा, आणि हाच सगळ्यात सुंदर. निरोप पोचला तरी ऐकणारा हवा. 2005 मध्ये ऑक्झिनचा ग्राहक रेणू ओळखला गेला आणि त्याच वर्षी भातात जिबरेलिनचाही. दोन्हीकडे रीत एकच निघाली. वाढीच्या जनुकांवर काही प्रथिनं कायम ब्रेक लावून बसलेली असतात. संप्रेरक आलं की तो ब्रेकच मोडून टाकला जातो. म्हणजे संप्रेरक वाढीला ढकलत नाही, अडथळा काढतं. ज्या पेशीत अडथळा काढल्यावर पुढे जायला साखर नाही, नत्र नाही, पाणी नाही, ती जाणार कुठे? उपाशी वेलीला जीए दिल्यावर मण्याऐवजी नुसता देठ ताणतो, तो याच कारणाने.

तुरीचा शेंडा खुडल्यावर फुटवे का येतात?

शेंड्यातून खाली वाहणारं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. ते थेट डोळ्यात शिरत नाही. खोडात सायटोकायनिन बनू देत नाही आणि स्ट्रिगोलॅक्टोन वाढवतं, जे फांद्या फुटण्याला आडकाठी करतं. स्ट्रिगोलॅक्टोनची ही भूमिका 2008 मध्ये कळली. शेंडा खुडला की ऑक्झिनचा झरा आटतो, तोवर वरच्या पानांकडे जाणारी साखरही डोळ्यांकडे वळते आणि फांद्या सुटतात.

उसात हेच उलट्या बाजूने दिसतं. अख्खं कांडं सरीत आडवं टाकलं तर शेंड्याकडचे डोळे आधी उगवतात आणि बुडख्याकडचे मागे राहतात. दोन डोळ्यांची टिपरी केली की वरच्याचा खालच्यावरचा वचक तुटतो. आपल्या आजोबांनी ऑक्झिन हा शब्द ऐकला नव्हता, पण कोयता बरोबर ठिकाणी चालवत होते.

स्ट्रिगोलॅक्टोन आणि ज्वारीतला टारफुला यांचा काही संबंध आहे का?

आहे, नावातच आहे. टारफुल्याचं शास्त्रीय नाव स्ट्रायगा. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळून ज्वारी, बाजरी किंवा उसाचं मूळ गेलं की नेमकं तेव्हाच उगवतं. मुळातून झिरपणारं स्ट्रिगोलॅक्टोन हा त्याला मिळालेला सुगावा. 1966 मध्ये हा पदार्थ कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळा काढला गेला. कापूस हा टारफुल्याचा यजमान नाही, तरी त्याची मुळं त्याला उगवायला लावतात आणि उगवलेला टारफुला उपाशी मरतो. ज्वारीच्या रानात कापूस फिरवण्याचा फायदा हाच.

पण झाड हा निरोप मुळातून बाहेर सोडतंच कशाला? मायकोरायझा या मित्र बुरशीला बोलवायला. स्फुरद कमी पडलं की हाक मोठी होते. टारफुल्याने ती हाक चोरून ऐकायला शिकून घेतली आहे.

गुटी कलमात सालीचं कडं का काढतात?

ऑक्झिन आणि पानांत बनलेली साखर सालीच्या बाजूने खाली उतरतात, पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहतं. साल गोल काढली की उतरणारं सगळं कड्याच्या वरच्या काठाशी अडतं. तिथे ओलं मॉस बांधलं की डाळिंबाच्या फांदीला त्याच काठावर मुळं फुटतात. खालच्या काठावर फुटत नाहीत. पुढची गुटी सोडाल तेव्हा निरखून बघा. आयबीए या ऑक्झिनची पावडर त्या काठावर लावतो, ती या साचलेल्या ऑक्झिनला जोड म्हणून.

जीए म्हणजे नक्की काय? तो कुठून आला?

भाताच्या रोगातून. जपानमध्ये भाताची काही रोपं उंच, फिकट आणि लेचीपेची वाढून आडवी होत. शेतकरी त्या रोगाला बाकानाए म्हणत. 1926 मध्ये एइची कुरोसावा यांनी तैवानमध्ये दाखवलं की बुरशी नसतानाही बुरशीचा नुसता गाळीव द्राव भाताला तसाच उंच करतो. पुढे तेइजिरो याबुता यांनी 1935 मध्ये त्या पदार्थाला बुरशीच्या नावावरून जिबरेलिन नाव दिलं. तो पदार्थ निरोगी झाडातही असतो हे त्यानंतर कळलं. आज 130 हून अधिक जिबरेलिनं माहीत आहेत, पण झाडावर प्रत्यक्ष परिणाम करणारी मोजकीच. आपली पुडी त्यातल्या तिसऱ्या क्रमांकाची, म्हणून जीए-3. आजही तो बुरशी वाढवूनच तयार होतो.

बिनबियांच्या द्राक्षालाच जीए का लागतो?

फळ वाढवण्याचा हुकूम बिया देतात. बाजारातलं वेडंवाकडं सीताफळ हातात घेऊन बघा. ज्या बाजूचे डोळे बसके, तिकडे बी धरलेलं नसतं. जिकडे बिया, तिकडे गर. थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या मण्यात फलन होतं, पण बी लहानपणीच जिरतं आणि त्याबरोबर मण्याला मिळणारं जिबरेलिनही. बाहेरून दिलेला जीए ती जागा भरून काढतो. फुलोऱ्याआधी, घड पोपटी असताना दिला तर घडाचा दांडा लांबतो आणि मण्यांना जागा होते. मणी सेट झाल्यावर डिपिंग केलं, म्हणजे घड द्रावणात बुडवला, तर मणी लांबतो आणि फुगतो. औषध तेच, अवस्था वेगळी, परिणाम वेगळा.

घड जिरतात म्हणजे काय होतं? जीए कमी पडतो म्हणून का?

उलट. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर.

घड जिरतो म्हणजे त्याची बाळी होते, वेल आधाराला गुंडाळते तो तंतू. वेलीवर बाळी आणि घड एकाच मूळ अंकुरापासून होतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, तेव्हा त्या अंकुराला ठरवायचं असतं की आपण घड व्हायचं की बाळी. सायटोकायनिन भरपूर असेल तर तो फांद्या फोडत जातो आणि घड होतो. जिबरेलिन वरचढ असेल तर लांबत जातो आणि बाळी होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बाळीच्या कोवळ्या टोकाला सायटोकायनिन देऊन तिला फुलं आणून दाखवली. त्याहून बोलका पुरावा 2002 मध्ये आला, तोही ऑस्ट्रेलियातूनच. पिनो मुनिए या जातीपासून मिळालेल्या एका बुटक्या वेलीत जिबरेलिन ऐकण्याची यंत्रणाच बिघडलेली होती, आणि त्या वेलीवर बाळ्यांच्या जागी घडच घड लागत होते.

आता आपल्या बागेत या. एप्रिल-मे-जूनमध्ये नत्र जास्त झालं, पाणी जास्त झालं, वळवाचे ढग राहिले, कॅनॉपी, म्हणजे पानांचा पसारा, दाटली की शेंडे पळतात. पळणारा शेंडा म्हणजे जिबरेलिन. तेव्हा ठरलेली बाळी ऑक्टोबरात कुठल्याही फवारणीने घड होत नाही. सबकेन (काडीवरची पोटकाडी) करताना सात पानांवर शेंडा थांबवणं, पाणी तोडणं, काडीवर ऊन पडू देणं, हे सगळं त्या अंकुराच्या निर्णयात आपण टाकलेलं वजन आहे.

दुसरा धोका फळछाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर, डोळा फुटून बाहेर येतो त्या पोंगा अवस्थेत. काडीत घड आहे, पण बाहेर पडताना पाऊस लागला, ढग राहिले, बोद चिंब झाला. चिंब मातीत मुळीला हवा नाही. मुळी बंद तर वर जाणारं सायटोकायनिन बंद. घड अशक्त, गोळी होऊन येतो आणि पुढे बाळीकडे झुकतो. अशा वेळी काहीजण "वाढ होत नाही" म्हणून लवकर जीए घेतात. कृपा करून घेऊ नका. पाणी बाहेर काढा, नत्र थांबवा, गर्दी करणाऱ्या फुटी काढा. सिक्स-बीएचा हलका फवारा उपयोगी पडतो तो याच खिडकीत, आणि काडीत मुळात घड असेल तरच.

हापूसला कल्टार दिल्यावर दरवर्षी मोहोर कसा येतो?

हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढल्या वर्षी पालवीतच रमतो. पालवी म्हणजे पुन्हा जिबरेलिन. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते झाडाची जिबरेलिन बनवण्याची सुरुवातीची पायरी अडवतं. पालवी दबते, काडी पक्व होते आणि थंडी पडली की मोहोर येतो. कोकणात ते साधारण 15 जुलै ते 15 ऑगस्ट दरम्यान, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली या हिशोबाने, बुंध्याभोवती भोकं पाडून देतात.

हे औषध मातीत दीर्घकाळ टिकतं. शेणखत, खतं आणि छाटणी यांची हयगय करून फक्त कल्टारवर वर्षं काढली की झाड दमतं आणि मोहोराच्या काड्या आखूड होऊन गुच्छ बनतात. माझं स्पष्ट मत: ज्या झाडाला पोटभर घालण्याची तयारी नाही, त्याला कल्टार घालू नये.

बुटका गहू म्हणजे संप्रेरक कमी असलेला गहू का?

संप्रेरक असतं, ऐकू येत नाही. नोरिन-10 या जपानी गव्हातून आलेल्या जनुकांमुळे तो जिबरेलिनचा ब्रेक मोडतच नाही. सोनालिका आणि कल्याण सोना त्याच वंशातले. 1966 मध्ये आलेल्या आयआर-8 भाताचं मात्र वेगळं: त्याला ऐकू येतं, पण तो जिबरेलिन बनवतोच कमी. हरितक्रांतीचा मोठा भाग या दोन बिघाडांवर उभा आहे. द्राक्षाच्या त्या बुटक्या वेलीत बिघडलेलं जनुक गव्हातल्या जनुकाचंच भाऊबंद.

दुपारी भेंडी मान टाकते आणि संध्याकाळी ताजी होते. यात संप्रेरक आहे का?

दुपारी पानातून जाणारं पाणी मुळांच्या उपशापेक्षा जास्त होतं, म्हणून मान पडते. पाणी कमी होतंय हे कळलं की अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं. ताण बसलेल्या पानात ते काही तासांत पन्नासपटीपर्यंत चढू शकतं. पर्णरंध्राच्या दोन्ही कडांच्या पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्या पेशी ढिल्या होतात आणि छिद्र मिटतं. पाणी वाचतं, पण कर्बवायू आत येणंही थांबतं, म्हणजे त्या वेळात अन्न बनत नाही. पाणी मिळालं की झाड हे आम्ल लगेच मोडायला घेतं. हेच आम्ल बीला कणसातच उगवू देत नाही. कापणीच्या वेळी पाऊस लांबला आणि भात लोंबीतच उगवला की समजायचं, पाण्याने हा पहारा उठवला.

एक आंबा पिकला की सगळी अढी का पिकते?

पिकणारं फळ इथिलीन सोडतं आणि आंब्यासारख्या फळांत इथिलीन आणखी इथिलीन बनवायला लावतं. वर सांगितलेल्या लगामाच्या नेमकं उलट. ठिणगी पडली की वणवा. भाताच्या पेंढ्यातली अढी किंवा तांदळाचा डबा हा वायू कोंडून ठेवतो, बाकी काही जादू नाही. मार खाल्लेलं फळ जास्त इथिलीन सोडतं. नासका आंबा अढी नासवतो, त्यात सड आणि इथिलीन दोघांचा हात असतो. केळी, चिकू, पपई, सीताफळ, टोमॅटो याच गटातले. द्राक्ष, डाळिंब, संत्रं या गटात नाहीत. ती झाडावरून काढली की गोडी वाढायची थांबते, म्हणून आंबट द्राक्ष घरी ठेवून गोड होत नाही.

मग इथिलीनने पिकवलेली केळी खायची की नाही?

निर्धास्त खा. जळगावच्या केळीला रायपनिंग चेंबरमध्ये जो वायू देतात, तोच ती केळी स्वतःही बनवते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला 100 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत शंभर भाग) परवानगी दिलेली आहे. कार्बाईडची गोष्ट वेगळी. त्यातून निघतो तो अ‍ॅसिटिलीन, इथिलीनची कामचलाऊ नक्कल, आणि औद्योगिक कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्याने फळं पिकवायला 2011 च्या नियमांनुसार बंदी आहे.

डाळिंबाची पानगळ इथ्रेलने कशी होते?

इथ्रेल म्हणजे इथेफॉन. बाटलीत ते तीव्र आम्ल असतं, म्हणून टिकतं. पानाच्या पेशीत आम्लता कमी मिळाली की ते फुटतं आणि इथिलीन सुटतं. देठाच्या बुडाशी एक ठरलेला पेशींचा थर असतो. पानातून ऑक्झिन येत असेपर्यंत तो घट्ट राहतो. इथिलीन वाढलं, ऑक्झिन आटलं की तो थर सैल होतो. म्हणूनच बहर धरताना आधी पाण्याचा ताण देतात. जून, थकलेलं पान लगेच सुटतं. ताण न बसलेल्या हिरव्यागार बागेत मात्रा वाढवत गेलात तर काड्या वाळतात.

2,4-डी तणनाशक आहे, मग इथे त्याचं काय काम?

ते ऑक्झिनचं सोंग आहे. झाड स्वतःचं ऑक्झिन बांधतं, मोडतं, आवरतं. हे त्याला पटकन आवरता येत नाही. निरोप थांबतच नाही, रुंद पानाचं झाड पीळ पडून, फुगून मरतं. गहू-ज्वारीसारखी गवतवर्गीय पिकं त्याला लवकर निकामी करतात, म्हणून तरतात.

माझ्या हातून झालेलं सांगतो. गव्हात 2,4-डी फवारलेला पंप साध्या पाण्याने दोनदा विसळला आणि आठ दिवसांनी त्यातच बुरशीनाशक घालून टोमॅटोवर फवारलं. तिसऱ्या दिवशी शेंडे खाली वळले होते, नवीन पानं दोरीसारखी बारीक आणि शिरा समांतर. व्हायरस समजून मी दोन ओळी उपटल्याही. मग लक्षात आलं की ज्या कोपऱ्यात पंप बदलला होता, तिथली रोपं ठणठणीत आहेत. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला लाल पट्टी, आणि तो माझ्याशिवाय कोणी उचलत नाही. कापूस आणि द्राक्ष तर टोमॅटोइतकेच नाजूक. शेजारच्या रानातून वाऱ्यावर आलेला तुषारही कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी करून जातो.

पीपीएमचा हिशोब कसा करायचा?

लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. जीएची एक ग्रॅमची पुडी 100 लिटरला म्हणजे 10 पीपीएम. जीए पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवायचा, मग पाण्यात. पाणी किंचित आम्लधर्मी हवं. क्षारपड विहिरीच्या पाण्यात जीएचा दम जातो.

द्रवरूप औषधाला टक्का बघा. एनएए 4.5 टक्के म्हणजे एका मिलीत 45 मिलिग्रॅम. कपाशीची पातेगळ (कळ्यांची गळ) रोखायला 20 पीपीएम हवं असेल तर 20 भागिले 45, म्हणजे लिटरला 0.44 मिली, दहा लिटरच्या पंपाला साडेचार मिलीच्या आत. टोपण नाही, मोजायची सिरिंज. हेच एनएए जास्त झालं तर झाड उलट इथिलीन बनवायला लागतं आणि जी पाती वाचवायची तीच गळतात.

संजीवकं मारलेली फळं अंगाला बाधतात का? भोपळ्याला इंजेक्शन देतात म्हणे.

जीए, सायटोकायनिन हे आपण खातो त्या प्रत्येक भाजीत असतात आणि आपल्या शरीरातली संप्रेरकं वेगळी. भोपळ्याला टोचतात म्हणून जे ऑक्सिटोसिन सांगितलं जातं, ते सस्तन प्राण्यांचं संप्रेरक. ते वेलीला वाढवणाऱ्या घराण्यातलं नाही. टोचू नये, हे वेगळं सांगायला नको.

अवशेषांचा प्रश्न मात्र खरा आहे. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. एप्रिलमध्ये काडीसाठी दिलेलं लिहोसिन वेलीत साठून पुढे मण्यात उतरू शकतं, हा धडा तेव्हा फार महागात मिळाला.

नारळपाणी, समुद्रशेवाळ, टॉनिकं यांत काही असतं का?

नारळपाण्यात सायटोकायनिन खरोखर असतं. 1941 मध्ये धोतऱ्याचे कोवळे गर्भ नारळपाण्यावर वाढवून दाखवले गेले आणि ऊतीसंवर्धनात ते आजही वापरतात. शेवाळाच्या अर्कातही थोड्या प्रमाणात संप्रेरकं असतात. बाटली घेताना लेबल बघा. जीएसारखी संजीवकं 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेली असावी लागतात, आणि जैवउत्तेजकं फेब्रुवारी 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. ज्या बाटलीवर घटकांचं नाव नाही, टक्का नाही, नुसती "भरघोस फुलं" असं लिहिलंय, ती मी बागेत येऊ देत नाही.

मुलांना दाखवता येईल असा काही प्रयोग?

डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी केलेला करा. त्यांनी तो 1880 मध्ये प्रसिद्ध केला. गहू भिजवून अंधाऱ्या डब्यात ओल्या मातीत तीन-चार दिवस ठेवा. दोन-तीन सेंटिमीटरचे फिकट, टोकदार कोंब येतील, पान बाहेर पडायच्या आत ते वापरा. काहींच्या टोकावर फॉइलची बारीकशी टोपी घाला. काहींचं टोक ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर छाटा. काहींना टोपी न घालता बुडाशी फॉइल गुंडाळा. बाकीचे तसेच राहू द्या. मग डब्याला एका बाजूने फट पाडून खिडकीत ठेवा.

वाकतं कोंबाचं बूड, पण उजेड कळतो टोकाला. त्या दोघांमध्ये निरोप नेतं कोण, हे फ्रिट्झ वेंट यांनी 1920 च्या दशकात नेदरलँड्समध्ये दाखवलं. ओटच्या कोंबांची टोकं अगरच्या तुकड्यावर ठेवली आणि मग तो नुसता तुकडा छाटलेल्या कोंबावर एका बाजूला बसवला. अंधारातही कोंब वाकला. ऑक्झिन सापडलं ते असं.

डबा सकाळी लावलात तर संध्याकाळपर्यंत उत्तर मिळेल. उघडण्याआधी मुलांना विचारून ठेवा: यातले कुठले वाकले असतील?